हजार येनच्या नोटेवरचे कितासातो: धनुर्वाताचं विष आणि त्यावरचा उतारा

३ जुलै २०२४ ला जपानने नव्या नोटा चलनात आणल्या. नोट हातात धरून जराशी तिरकी केली की होलोग्राममधला चेहरा वळल्यासारखा दिसतो. मी खरं तर या होलोग्रामबद्दल वाचायला बसलो होतो. पण हजार येनच्या नोटेवर जे मिशीवाले गृहस्थ आहेत त्यांच्यापाशीच अडकलो, आणि होलोग्रामचा लेख राहिला बाजूला.

हे गृहस्थ म्हणजे शिबासाबुरो कितासातो. गंमत बघा, याआधीच्या हजाराच्या नोटेवर नोगुची हिदेयो होते आणि ते तरुणपणी कितासातोंच्याच संस्थेत नोकरीला होते. दहा हजारांच्या जुन्या नोटेवर फुकुझावा युकिची होते, ज्यांनी कितासातोंना प्रयोगशाळा काढायला जागा आणि पैसे दिले. म्हणजे २००४ पासून वीस वर्षं जपानी माणसाच्या पाकिटात कितासातोंचा आश्रयदाता होता, हाताखालचा माणूस होता, फक्त स्वतः कितासातो नव्हते. त्यांच्या बाबतीत हे असं एकदाच झालेलं नाही. पुढे येईलच.

आधी त्यांचं काम कशावर होतं ते पाहू, कारण त्याचा आपल्याशी रोजचा संबंध आहे. पायात खिळा घुसला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस लगेच विचारतं, टीटीचं इंजेक्शन घेतलंस का? हे इंजेक्शन धनुर्वातासाठी असतं. आपल्या भाषेत या रोगाचं नाव फार नेमकं आहे. रोग्याचं शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं, म्हणून धनुर्वात. सुरुवात बहुतेक वेळा जबड्यापासून होते. दातखीळ बसते. मग मान, पाठ, पोट, असे एकेक स्नायू ताठ होत जातात. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, आणि साध्या आवाजानेही झटका येतो.

यात गंजाचा दोष नसतो बरं का. दोष असतो मातीचा. धनुर्वाताचे जिवाणू माती आणि शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतात. खिळा खोल घुसतो, वरून जखम बंद होते, आत हवा पोचत नाही. या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं, कारण ऑक्सिजन असेल तिथे तो वाढूच शकत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. कितासातोंची सगळी कीर्ती या एका अडचणीतून निघाली आहे.

ओगुनीचा मुलगा

कितासातोंचा जन्म २९ जानेवारी १८५३ चा, जपानच्या क्युशू बेटावर, आजच्या कुमामोतो प्रांतातल्या ओगुनी या डोंगराळ भागात. वडील गावचे प्रमुख, आपल्याकडचे पाटील म्हणा. मुलाला व्हायचं होतं सैनिक. डॉक्टरकीबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. कुमामोतोच्या वैद्यकशाळेत तो गेला तेव्हा तिथे मान्सफेल्ट नावाचे डच डॉक्टर शिकवत होते. त्यांनी या मुलाला सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या पेशी दाखवल्या आणि सैन्याचा विचार मागे पडला. पुढे टोकियोला जाऊन ते १८८३ मध्ये डॉक्टर झाले, तेव्हा वय तीस. दवाखाना न थाटता त्यांनी गृहखात्याच्या आरोग्य विभागात नोकरी धरली.

या विभागात ओगाता मासानोरी नावाचे एक संशोधक होते. जर्मनीत शिकून आलेले. जिवाणूंचं शास्त्र कितासातोंना पहिल्यांदा शिकवलं ते ओगातांनी. कितासातोंची जर्मनीला जायची वेळ आली तेव्हा ओळखपत्रही ओगातांनीच दिलं. १८८६ च्या सुरुवातीला कितासातो बर्लिनला पोचले आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. क्षयाचा आणि कॉलऱ्याचा जिवाणू शोधणारे हेच ते कॉख.

आता झालं असं की ओगातांनी जाहीर केलं होतं, बेरीबेरी हा रोग एका जिवाणूमुळे होतो आणि तो जिवाणू मला सापडलाय. बेरीबेरी तेव्हा जपानचा राष्ट्रीय रोग होता. सैनिक, खलाशी, शहरातली तरुण पोरं त्याने मरत होती. कितासातोंनी बर्लिनमध्ये तपासून पाहिलं आणि लेख लिहून सांगितलं की पुरावा टिकत नाही. ज्याने शिकवलं, ज्याने शिफारस केली, त्याच्याच कामावर उघड टीका! टोकियोत गदारोळ झाला. काटो हिरोयुकी यांच्यासारख्या विद्यापीठातल्या बड्या माणसाने कितासातोंवर गुरूचे उपकार विसरल्याचा ठपका ठेवला. लष्करातले डॉक्टर आणि पुढे मोठे साहित्यिक म्हणून गाजलेले मोरी ओगाई हेही विरोधात उभे राहिले. कितासातोंचं उत्तर साधारण असं होतं की आपुलकी आपल्या जागी आणि पुरावा आपल्या जागी.

बेरीबेरी जिवाणूने होतच नाही, ती होते पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगल्यामुळे, ब १ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने. म्हणजे कितासातो बरोबर होते. जिवाणूच्या समजुतीला चिकटून बसलेल्या जपानी लष्कराने रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धातसुद्धा हजारो सैनिक बेरीबेरीने गमावले. पण बरोबर असून कितासातोंना फायदा काही झाला नाही. टोकियो विद्यापीठाशी त्यांचं वैर पडलं ते जन्मभर.

इतर सगळे मेले तरी एक उरतो

आता धनुर्वाताकडे येऊ. १८८४ मध्ये ग्योटिंगेनला आर्थर निकोलायर यांनी बागेतली माती जनावरांना टोचून धनुर्वात घडवला होता आणि जखमेत एक काडीसारखा जिवाणू पाहिला होता. त्याच्या एका टोकाला गोल फुगवटा, ढोल वाजवायच्या टिपरीसारखा. पण तो एकटा कधी सापडायचाच नाही. मातीत आणि जखमेत इतर दहा जातींचे जिवाणू असतात. त्यांच्यातून याला वेगळा करून निव्वळ त्याचंच पीक घेणं, म्हणजे ज्याला शुद्ध कल्चर म्हणतात ते, कुणालाच जमत नव्हतं. ग्योटिंगेनचे प्राध्यापक फ्ल्युगे यांचं मत पडलं की हा जिवाणू एकटा वाढतच नसावा, त्याला दुसऱ्यांची सोबत लागत असावी.

हे मत ऐकून कितासातोंच्या मनात शंका आली. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॉख यांच्या शास्त्राचा पायाच असा होता की एक रोग, एक जिवाणू. तो वेगळा काढा, शुद्ध वाढवा, पुन्हा टोचा, तोच रोग झाला पाहिजे. धनुर्वाताचा जिवाणू सोबतीशिवाय जगत नसेल तर हा नियम इथे लागूच पडत नव्हता.

कितासातोंनी कल्चरच्या नळ्यांकडे नीट पाहिलं. हा जिवाणू नळीच्या तळाशी वाढत होता, पृष्ठभागापाशी नाही. म्हणजे हवा नको त्याला. दुसरं, टोकाचा तो गोल फुगवटा म्हणजे बीजाणू. बीजाणू हे जिवाणूचं चिलखत असतं, उष्णतेला दाद न देणारं. मग त्यांनी काय केलं, तर मिश्र कल्चर ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात पाऊण ते एक तास ठेवलं. सोबतचे सगळे मेले. धनुर्वाताचे बीजाणू तेवढे जिवंत उरले. एवढी साधी युक्ती! मला हा सगळा इतिहास वाचताना सर्वात जास्त आवडलेली जागा हीच. शत्रूची ताकदच त्याला निवडून काढायला वापरली. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो. इथे तांदूळ जाळून टाकले आणि खडा ठेवला.

पण अर्धं काम अजून बाकी होतं. उरलेले बीजाणू हवेशिवाय वाढवायचे कसे? कितासातोंनी काचेची एक चपटी, कासवासारखी बाटली वापरली. तिला नळ्या जोडलेल्या. एका नळीतून हायड्रोजन वायू आत सोडायचा, दुसऱ्या नळीतून हवा बाहेर जाऊ द्यायची, सगळा ऑक्सिजन हुसकला गेला की काच तापवून, वितळवून तोंडं बंद करायची. हायड्रोजन म्हणजे ठिणगी पडली तर भडका, आणि इथे ज्योतीशी गाठ. हाताला किती सवय लागत असेल, विचार करा. बाटली मग शरीराच्या तापमानाला ठेवून द्यायची. काही दिवसांनी आत एकाच जातीची वाढ दिसू लागली. एप्रिल १८८९ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे शुद्ध कल्चर सादर केलं.

जाता जाता एक सांगतो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम लावून गाळण्यासाठी बाजूला नळी असलेला जो जाड काचेचा चंबू असतो, त्याला आपण बुखनर फ्लास्क म्हणतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत त्याच चंबूचं नाव आहे कितासातो. तिथल्या कित्येक पोरांना हे माणसाचं नाव आहे याचा पत्ताही नसेल.

जिवाणू पायात, झटका जबड्यात

शुद्ध कल्चर हाती आल्यावर कितासातोंनी उंदरांना ते टोचलं. उंदीर धनुर्वाताने मेले. मेलेल्या उंदरांचं रक्त, यकृत, मेंदू सगळं तपासलं, तर जिवाणू कुठेच नाहीत. असलेच तर टोचलेल्या जागी थोडेसे. मग पायात बसलेला जिवाणू जबड्याला कसा पकडतो? उत्तर एकच संभवत होतं: तो विष सोडतो आणि ते विष शरीरभर जातं.

घटसर्पाच्या, म्हणजे डिप्थीरियाच्या बाबतीत पॅरिसच्या रू आणि येर्सिन यांनी १८८८ मध्ये हे दाखवलं होतं. येर्सिन हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत. धनुर्वाताच्या विषावर कोपनहेगनला क्नुड फाबर यांनीही १८९० मध्ये काम केलं. पद्धत तीच: जिवाणू अडकतील पण पाणी जाईल अशा बारीक गाळणीतून कल्चर गाळायचं. खाली जे स्वच्छ पाणी येतं त्यात एकही जिवाणू नसतो. ते टोचलं तरी प्राणी मरतो.

हे विष किती जहाल असतं? आजच्या अंदाजाप्रमाणे माणसाच्या वजनाच्या किलोमागे साधारण अडीच नॅनोग्रॅम मारायला पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. हे विष नसांच्या टोकातून आत शिरतं, नसेतून उलट चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि तिथे स्नायूंना थांब सांगणारे संदेश बंद पाडतं. गाडीचे ब्रेक काढून घेतल्यासारखं. स्नायू आखडतात आणि सैल व्हायचं विसरतात. अर्थात ब्रेकची ही गोष्ट कितासातोंना ठाऊक नव्हती, ती कळायला पुढे अनेक दशकं गेली.

३३० पट विष पचवणारे उंदीर

याच प्रयोगशाळेत १८८९ मध्ये एमिल बेहरिंग आले. लष्करी डॉक्टर, शिक्षकाचा मुलगा, घटसर्पावर काम करणारे. दोघांनी मिळून ठरवलं की विषाला शरीर काय उत्तर देतं ते पाहायचं. सशांना धनुर्वाताचं कल्चर आणि आयोडीन ट्रायक्लोराइड नावाचं रसायन टोचून, विष सोसतील असे ससे तयार केले. साध्या सशाला अर्धा मिलिलिटर कल्चर मारायला पुरतं. या सशाला दहा मिलिलिटर दिलं, त्याला काही झालं नाही.

आता खरा प्रश्न. ही ताकद सशाच्या शरीरात आहे कुठे? दोघांनी सशाचं रक्त काढलं आणि त्यातलं थोडंसं, ०.२ ते ०.५ मिलिलिटर, उंदरांच्या पोटात टोचलं. चोवीस तासांनी उंदरांना जहाल धनुर्वात दिला. ज्यांना सशाचं रक्त मिळालं नव्हतं ते उंदीर वीस तासांत आजारी पडले आणि छत्तीस तासांत मेले. मिळालं होतं ते ठणठणीत.

त्याहून भारी प्रयोग पुढचा. गाळलेल्या विषाचा ०.०००१ मिलिलिटर इतका अंश उंदराला दोन दिवसांच्या आत मारत होता. या विषाचा एक भाग आणि सशाच्या सीरमचे पाच भाग एकत्र करून चोवीस तास ठेवले. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी. मग चार उंदरांना या मिश्रणाचं प्रत्येकी ०.२ मिलिलिटर दिलं. हिशेब करा: त्यात विष आलं ०.०३३ मिलिलिटर, म्हणजे मारक मात्रेच्या सुमारे ३३० पट. चारही उंदीर जिवंत राहिले. साध्या सशाचं सीरम मिसळलं तेव्हा मात्र उंदीर मेले.

म्हणजे उतारा रक्ताच्या पाण्यातच होता. तो बाटलीत काढता येत होता आणि एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्याला देता येत होता. ४ डिसेंबर १८९० च्या जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात हा लेख आला. नावं दोन: बेहरिंग आणि कितासातो. या रक्तातल्या पदार्थाला त्यांनी विषविरोधी म्हटलं. आज आपण त्याला अँटिटॉक्सिन म्हणतो, आणि या अँटिटॉक्सिनच्या मुळाशी असतात अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंड. हे प्रतिपिंड विषाच्या रेणूला जाऊन चिकटतात, मग विषाला नसेत शिरायला जागाच उरत नाही. अँटिबॉडी हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. तिचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो हे कळायला तर विसावं शतक निम्मं उलटून जावं लागलं.

इथे एक गल्लत बहुतेकांची होते ती दूर करू. टीटी आणि अँटिटॉक्सिन एक नव्हे. टीटीत (आता आपल्याकडे टीडी देतात) निष्प्रभ केलेलं विष असतं, ते पाहून आपलं शरीर स्वतः प्रतिपिंड बनवायला शिकतं. हा झाला स्वयंपाक शिकवणं. अँटिटॉक्सिन म्हणजे दुसऱ्याने केलेला डबा. लगेच उपयोगी पडतो, पण चार-सहा आठवड्यांत संपतो. जखम फार घाण असेल आणि आधीची लस झालेली नसेल, तर डॉक्टर दोन्ही देतात.

नोबेल एकाला

लेखाच्या शीर्षकात घटसर्प आणि धनुर्वात दोन्ही होते. पण आत जे आकडे आहेत, जे मी वर दिले, ते सगळे धनुर्वाताचे. घटसर्पावरचा लेख आठवड्याने, ११ डिसेंबरला आला आणि त्यावर नाव एकट्या बेहरिंग यांचं. १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल सीरम उपचाराला, विशेषतः घटसर्पावरच्या उपचाराला मिळालं. बेहरिंगना. कितासातोंचं नाव त्या वर्षी सुचवलं गेलं होतं, पण मिळालं नाही.

हा निव्वळ वर्णभेद होता, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसा काही अंश असेलही, मी नाकारत नाही. पण माझ्या मते गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. घटसर्प त्या काळी युरोपातल्या घराघरांतली लहान मुलं गळा दाटून मारत होता आणि १८९४ पासून बाजारात आलेल्या सीरमने ती वाचत होती. आईबापांना डोळ्यांनी दिसणारा चमत्कार होता तो. धनुर्वाताचं सीरम तसा चमत्कार दाखवू शकत नव्हतं. दातखीळ बसते तेव्हा विष आधीच नसेच्या आत पोचलेलं असतं, आणि तिथे प्रतिपिंड पोचत नाहीत. म्हणून हे सीरम रोग झाल्यावर कमी आणि जखम झाल्याबरोबर जास्त कामाचं. त्याचा खरा प्रताप दिसला पहिल्या महायुद्धात, जेव्हा खंदकातल्या चिखलाने भरलेल्या जखमांवर ते सरसकट द्यायला लागले आणि धनुर्वाताचं प्रमाण एकदम खाली आलं. तोवर नोबेल देऊन तेरा वर्षं झाली होती. शिवाय कितासातो १८९२ मध्येच जपानला परतले होते, आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून द्यायला समितीने सुरुवात केली ती १९०६ पासून.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की ते बक्षीस दोघांचं होतं. रक्तातला उतारा पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाला तो धनुर्वातावर, आणि शुद्ध कल्चर नसतं तर मोजायला विषच नसतं.

घरी परतल्यावर

प्रशियाच्या सरकारने प्राध्यापक ही पदवी देऊन गौरवलेला हा माणूस १८९२ मध्ये टोकियोला आला, तर त्याला बसायला जागा नाही! विद्यापीठाची दारं बेरीबेरीच्या भांडणात बंद झालेली. मदतीला आले फुकुझावा. त्यांनी शिबा भागातली आपली जमीन दिली, पैसे दिले, आणि संसर्गजन्य रोगांची छोटी संस्था उभी राहिली. ती मोठी करून दुसरीकडे हलवायची ठरली तेव्हा तिथल्या रहिवाशांनी रोग पसरतील म्हणून विरोध केला.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. कितासातो जूनमध्ये तिथे पोचले आणि दोनच दिवसांत प्लेगने मेलेल्या रुग्णाच्या शरीरात त्यांना एक जिवाणू दिसला. आठवड्याच्या आत, स्वतंत्रपणे, येर्सिन यांनाही दिसला. हो, तेच घटसर्पाच्या विषावाले येर्सिन. कितासातोंकडे जागा, माणसं, ब्रिटिशांचं सहकार्य सगळं होतं; येर्सिन बांबूच्या झोपडीत काम करत होते. पण येर्सिन यांचं वर्णन स्वच्छ होतं आणि कितासातोंचं गढूळ. त्यांच्या कल्चरमध्ये दुसरा जिवाणू मिसळला गेला असावा, असं पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी म्हटलंय. मिश्र कल्चर शुद्ध करून नाव कमावलेल्या माणसाचं हे व्हावं! जिवाणूला आज नाव आहे येर्सिनिया पेस्टिस. या मोहिमेत कितासातोंबरोबर गेलेले टोकियो विद्यापीठाचे आओयामा तानेमिची यांना स्वतःलाच प्लेग झाला. ते वाचले. हे नावही पुन्हा येतंय.

हाच प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला. मांडवीत गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि हाफकिन यांनी मुंबईतच लस बनवली. त्या लशीच्या गोष्टीत धनुर्वात कसा घुसला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले एकोणीस जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही एकाच बाटलीतले. दोष आला परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांची नोकरी गेली. पुढे उघड झालं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ८० अंशांच्या पाण्यात तासभर तग धरणारा बीजाणू म्हणजे काय, हे कितासातोंनी तेरा वर्षं आधी दाखवून ठेवलं होतं.

कितासातोंच्या संस्थेतून माणसं मात्र एकाहून एक निघाली. शिगा कियोशी यांनी १८९७ मध्ये रक्ती आवेचा जिवाणू शोधला. शिगेला हे नाव त्यांच्यावरून, आणि शिगा टॉक्सिन हे विषही. हाता साहाचिरो जर्मनीत पॉल एर्लिख यांच्याकडे गेले आणि १९०९ मध्ये सिफिलिसवरचं पहिलं परिणामकारक औषध, साल्व्हरसान, त्यांच्या हातून तपासून निघालं.

१९१४ मध्ये सरकारने संस्था गृहखात्याकडून काढून शिक्षणखात्याकडे, म्हणजे टोकियो विद्यापीठाच्या पंखाखाली दिली. त्या विद्यापीठातल्या वैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख तेव्हा आओयामा होते. कितासातोंना न विचारता हे झालं. त्यांनी राजीनामा दिला. वय एकसष्ट. त्यांच्यामागोमाग शिगा, हाता आणि इतर सहकारीही बाहेर पडले. त्याच वर्षी कितासातोंनी स्वतःच्या पैशाने नवी कितासातो संस्था सुरू केली. याच संस्थेतल्या सातोशी ओमुरा यांना आयव्हरमेक्टिनच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं.

फुकुझावा १९०१ मध्येच वारले होते. त्यांच्या केइओ विद्यापीठात १९१७ मध्ये वैद्यक विभाग निघाला तेव्हा त्याची धुरा कितासातोंनी उचलली. गुरूचे उपकार विसरल्याचा ठपका ज्याच्यावर आला होता तोच हा माणूस, हे मला राहून राहून आठवतं. १९२४ मध्ये त्यांना बॅरन हा किताब मिळाला. १३ जून १९३१ ला टोकियोत त्यांचं निधन झालं.

१९०८ मध्ये कॉख जपानला आले होते, तेव्हा कितासातो त्यांना दोन महिन्यांहून जास्त देशभर हिंडवत होते. कॉख १९१० मध्ये वारल्यावर त्यांनी संस्थेच्या आवारात गुरूच्या नावाने शिंतो पद्धतीचं छोटंसं देऊळ बांधलं. कितासातोंच्या मागे त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचंही तसंच एक बांधलं. पुढे दोन्ही एकत्र केली गेली, आणि आज टोकियोत कॉख आणि कितासातो यांचं मिळून एकच देऊळ आहे.